कर्करोग, विश्रांती आणि व्यायाम

वसंत ऋतूतील संध्याकाळी कर्करोगासारखा विषय काढणे कित्येकांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. आमच्याकडे या रोगाचे नावही घरात मोठ्याने घेत नाहीत. ‘तिला तसलेच काही निघाले,’ एवढे दबक्या आवाजात बोलून माणसे गप्प बसतात, आणि पुढे रोग्याचे ताट-तांब्या वेगळे काढले जातात. हा रोग एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे शिकल्यासवरल्या घरांतही अजून नीट उमगलेले नाही. परंतु न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली व तिचे लोण गावोगावी पोचले, त्यामुळे घरात जे बोलले जात नाही ते सभेत बोलण्याची सोय झाली आहे. त्या सोयीचा लाभ आज आम्ही घेत आहोत.

विषय आटोपशीर आहे. कर्करोग का होतो, त्यावर कोणकोणती औषधे निघाली, याचा इतिहास मोठा आहे आणि तो सांगणारे आमच्याहून अधिकारी लोक आहेत. आम्हांस पाहावयाचे ते इतकेच की, शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रोगी नांदेडला किंवा लातूरला घरी परतला, त्यानंतर त्याने काय करावे याविषयी वैद्यकाचे मत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कसे पालटले, आणि ते पालटलेले मत आमच्या उंबरठ्याशी येऊन का अडले.

घरी परतलेल्या रोग्यास आमच्याकडे एकच उपदेश मिळतो : ‘पडून राहा.’ सून हातातली केरसुणी काढून घेते, मुलगा गादी घालून देतो, शेजारीण येऊन ‘आता काही उचलू नका हो’ असे बजावून जाते. यात प्रेम आहे, याविषयी शंका नाही. पण या प्रेमापोटी काय घडते ते पाहा. स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाई हात अंगाशी धरून बसते व तिचा खांदा आखडतो. दोन-तीन महिन्यांनी तिला स्वतःची वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या माणसाचा जबडा हळूहळू मिटत जातो आणि एके दिवशी भाकरीचा घास तोंडात जाईनासा होतो. रोग हटला, पण माणूस अधू झाला. आणि हे अधूपण रोगाचेच असे समजून घरचे लोक ते सोसत राहतात.

हा उपदेश आमच्या आयाबायांनी शोधून काढला असे मात्र कोणी समजू नये. एके काळी तो मोठमोठ्या शल्यवैद्यांचा होता. लंडनच्या जॉन हिल्टन यांनी विश्रांतीचे महत्त्व प्रतिपादणारी व्याख्याने दिली व १८६३ साली ती ग्रंथरूपाने निघाली. तो ग्रंथ डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी वाचला. पुढे अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरील आपली शस्त्रक्रिया १८९४ साली सविस्तर मांडली. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढल्या जात. आपल्या शरीरात रक्ताप्रमाणेच लसीका नावाचा पाण्यासारखा रस वाहत असतो आणि काखेतील गाठी ही त्याच्या वाटेवरील नाकी होत. ती काढून टाकली की कित्येकींच्या हातात हा रस तुंबतो आणि हात सुजून जड होतो. स्वतः हॉल्स्टेड यांनी १९२१ साली या सुजेवर निबंध लिहिला व तीस हत्तीरोगाचे नाव दिले. मानेतील गाठी काढण्याची पद्धत जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली वर्णिली. त्या शस्त्रक्रियेचा जो प्रकार पुढे रूढ झाला, त्यात खांदा उचलणारा मज्जातंतूही बहुधा कापला जाई. रोग्याचा जीव वाचे आणि खांदा पडे. त्या काळी या सौद्याबद्दल कोणी कुरकुर करीत नसे. प्राण राहिले हेच पुष्कळ, अशी सर्वांची समजूत होती.

विश्रांतीच्या या गादीला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसला. रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडू लागल्या, शस्त्रक्रिया झालेल्या माणसांस लवकर उठवावे लागले, आणि लवकर उठलेली माणसे लवकर बरी होतात असे दिसून आले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्या होणे, हाडे झिजणे, स्नायू वाळणे आणि मन खचणे ही सर्व अंथरुणाची देणगी होय, असे त्यांनी एकेक इंद्रिय घेऊन दाखवून दिले.

कर्करोग्यांपुरते पाहिले तर या बाबतीत पुढाकार घेतला तो एका रोगी स्त्रीने, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. न्यू यॉर्कच्या टेरेस लॅसर या बाईंची १९५२ साली स्तनाची शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हा कसा वापरावा हे नीट सांगणारे कोणी त्यांस भेटेना. तेव्हा त्या स्वतःच व्यायाम करून बऱ्या झाल्या आणि नंतर इतर स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊन त्यांस धीर देऊ लागल्या. त्यांच्या पिशवीत एक रबरी चेंडू आणि एक दोरी असे. चेंडू मुठीत दाबावयाचा. दोरी दारावरून टाकून दोन्ही टोके हातांत धरावयाची आणि चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्यावयाचा. काही डॉक्टरांस हे आगंतुक काम मुळीच आवडले नाही. तरी बाई मागे हटल्या नाहीत, आणि १९६९ साली अमेरिकेतील कर्करोग संस्थेने त्यांचे कार्य आपलेसे केले. विहिरीवरच्या कप्पीवरून दोर ओढणाऱ्या आमच्या बायांस या व्यायामात नवे काय आहे, असा प्रश्न पडावा!

आता आपल्या प्रांताकडे वळू. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या दुःखातून जो संकल्प निघाला, त्यातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. शेजारीच १९२६ पासूनचे के. ई. एम. रुग्णालय होते. मुंबईत पोलिओची साथ आली तेव्हा, १९५२ च्या सुमारास, याच के. ई. एम.मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे, म्हणजे आज ज्यास सर्वजण फिजिओथेरपी म्हणतात त्या विद्येचे, शिक्षण सुरू झाले. १९५१ साली डॉ. जसावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. याप्रमाणे कर्करोग कापून काढण्याची विद्या आणि हातपाय पुन्हा चालते करण्याची विद्या, या दोन्ही परळात एकमेकींच्या शेजारी नांदू लागल्या.

मराठवाड्यास मात्र त्या दोन्ही दूर होत्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. नांदेडची आगगाडी १९०० च्या सुमारास आली ती सिकंदराबाद-मनमाड मार्गाची. १९५५ साली हैदराबादेत मेहदी नवाज जंग यांच्या नावाने ओळखले जाणारे कर्करोग रुग्णालय निघाले, तेव्हा नांदेडच्या रोग्यास ते आपल्याच राज्याच्या राजधानीत होते. पुढच्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला व तीच राजधानी परप्रांतात गेली. लातूरची वाट निराळी. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली होती. कुर्डुवाडीस गाडी बदलून मुंबई गाठावयाची, हा लातूरकर रोग्याचा पुष्कळ वर्षांचा क्रम.

पुढे सोयी वाढल्या. १९६६ साली लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू झाले. १९७४ साली अंबाजोगाईस आणि १९८८ साली नांदेडास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. २०१२ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय कर्करोग रुग्णालय झाले. बार्शीस डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोग रुग्णालय उभारले, आणि तेथे १९८७ साली खेड्यांतील कर्करोगाची देशातील पहिली नोंदवही सुरू झाली. तीत बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे मराठवाड्याचे तालुकेही होते.

आता मुख्य अडचण पाहा. शस्त्रक्रिया एका दिवसात होते आणि ती दूरच्या गावी होऊ शकते. किरणोपचार काही आठवड्यांत संपतात. तेवढे दिवस धर्मशाळेत राहून काढता येतात. व्यायामाचे तसे नाही. तो रोज करावयाचा, महिनोगणती करावयाचा, आणि आपल्याच घरात करावयाचा. म्हणून उपचाराचा पहिला अर्धा भाग आगगाडीने मिळवता आला, पण दुसरा अर्धा भाग परतीच्या गाडीत हरवला. निरोप देताना कोणी चार व्यायाम दाखविले असले, तरी त्या गडबडीत आणि भीतीत ते कोणाच्या लक्षात राहावे? आणि घरी पोचताच गादी घातलेली असते.

अलीकडील संशोधनाने तर ‘काही उचलू नका’ या उपदेशाचा पायाच काढून घेतला आहे. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांस देखरेखीखाली, हलक्यापासून सुरुवात करून वर्षभर वजने उचलावयास लावली. सूज वाढली नाही. उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात बळ आले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, नाव जगभर गेले. तेथील खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर बार्शीच्या व इतर डॉक्टरांनी १९९९ पासून प्रयोग केला होता. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची एकदाच तपासणी केली, तरी त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात असे त्यात आढळले. या दोन प्रयोगांचा विषय भिन्न आहे; तरी आम्ही ते एकत्र ठेवतो ते एवढ्यासाठी की, पहिल्याने काय करावे ते दाखविले आणि दुसऱ्याने आमच्या वाडी-वस्तीवरही मोठे, शिस्तीचे, वर्षानुवर्षे चालणारे काम होऊ शकते हे सिद्ध केले. २०२५ साली त्याच नियतकालिकात आणखी एक वृत्तांत आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रोगी औषधोपचार संपल्यावर दोन गटांत वाटले होते. ज्या गटास तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, त्यातील शेकडा ९० रोगी आठ वर्षांनी हयात होते. ज्यास केवळ माहितीपत्रके दिली, त्यातील शेकडा ८३. नुसता कागद हाती देणे पुरेसे नाही, हेही त्यावरून दिसते.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. व्यायामाने कर्करोग बरा होतो असे आम्ही म्हणत नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषध सोडून केवळ आसने करीत बसणे किंवा कोणा वैदूच्या काढ्यावर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ होय. रोग हाडांत गेला असेल, ताप असेल, रक्त फार उतरले असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावाचून व्यायाम करू नये. परंतु एरवी त्याची साधने आमच्या घरातच आहेत. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावयाची आणि रोज एक बोट वर जावयाचे. जबड्यासाठी पातळ, गुळगुळीत लाकडी पट्ट्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरावयाच्या व हळूहळू एकेक वाढवावयाची. आपलीच तीन बोटे उभी तोंडात मावतात की नाही, हे माप. सुजेची भीती असलेल्या हातास काटा, भाजणे आणि सुईची जखम यांपासून जपावयाचे. आणि चालावयाचे. नांदेडकरांस गोदावरीचा काठ आहे, लातूरकरांस गंजगोलाई आहे. प्रथम अंगणात, मग गल्लीत, मग तेथवर. आहाराविषयीही तेच. ‘गोड बंद, दूध बंद, पोट रिकामे ठेवा’ हा उपदेश झिजलेल्या शरीरास आणखी झिजवतो. भाकरी, डाळ, उसळ, दही, अंडे, जे रुचेल व पचेल ते पोटभर द्यावे. बंद करावयाचे ते तंबाखू, मिश्री, सुपारी आणि गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण बंदी कागदावर राहून पुडी खिशात राहिली, तर तिचा काय उपयोग?

मुंबई-हैदराबादकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही, असे या इतिहासावरून आम्हांस वाटते. आज नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत भौतिकोपचाराचे शिक्षण मिळते व तरुण मुलेमुली ते घेऊन बाहेर पडतात. त्यांस बोलावणारे घर मात्र हवे. गावातील एखाद्या वाचनालयाने किंवा महिला मंडळाने आठवड्यातून एक दुपार आपली खोली दिली, तेथे एक जाणकार आणि चार बऱ्या झालेल्या स्त्रिया बसल्या, तर लॅसरबाईंचे काम येथेही होईल. त्यास देणगीची फार मोठी गरज नाही. गरज आहे ती रोगाचे नाव मोठ्याने घेण्याची.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी असा रोगी असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांनी एवढेच करावे : डॉक्टरांस विचारून घ्यावे, आणि मग उद्या सकाळी त्याचा हात धरून त्यास अंगणापर्यंत न्यावे. इतके सुचवून आम्ही आपली रजा घेतो.