डच निसर्गचित्रांतील शिकार आणि मासेमारी

सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रांत माणसे बहुधा अगदी लहान असतात. निम्म्याहून अधिक जागा आकाशाची, त्याखाली सपाट जमीन आणि पाणी, आणि एखाद्या कोपऱ्यात जाळे ओढणारे कोळी किंवा कुत्रे घेऊन निघालेले घोडेस्वार. नजर त्यांच्यावरून सहज पुढे सरकते. पण जमिनीवर हक्क कोणाचा आणि पाण्यावर पोट कोणाचे, हे याच आकृती सांगतात.

हॉलंडमध्ये मोठ्या जनावरांची शिकार हा प्रामुख्याने उमरावांचा हक्क होता. चित्रे विकत घेणारे मात्र बरेचसे शहरातले व्यापारी. ज्या खेळात सहज शिरकाव नाही, तो निदान घरातल्या भिंतीवर असावा, ही त्यांची हौस हार्लेमच्या फिलिप्स वाउवरमानने (१६१९–१६६८) पुरेपूर भागवली. हातावर ससाणा घेतलेले स्वार, उंची पोशाखातल्या स्त्रिया आणि बहुतेक वेळा एक पांढरा घोडा. हा घोडा म्हणजे जणू त्याची सहीच.

याकोब व्हान रॉइसडालच्या ड्रेस्डेन येथील ‘शिकार’ या चित्रात हरणामागे कुत्रे उथळ पाण्यातून धावतात. मात्र ही धावपळ त्याच्या हातची नाही. झाडे आणि पाणी त्याचे, आकृती आड्रियान व्हान द वेल्डच्या. चित्रकारांमधली अशी वाटणी तेव्हा नेहमीची होती. शिकार वगळली तरी ते अरण्य तितकेच भारून टाकते.

मासेमारीच्या चित्रांत असा थाट नाही. हेरिंग मासा हा डच व्यापाराचा एक मोठा आधार होता. यान व्हान गोयेन आणि याकोबचा काका सालोमोन व्हान रॉइसडाल यांनी मोजक्या तपकिरी-करड्या रंगांत नदीवरचे कोळी पुन्हा पुन्हा रंगवले. सिमोन द व्लीगरच्या १६४३ मधील समुद्रकिनाऱ्याच्या चित्रात (मॉरित्सहाउस, हेग) वाळूवरच मासळीची विक्री चालली आहे.

गरिबाची शिकार पाहायची तर हेन्ड्रिक आव्हरकाम्पकडे वळावे लागते. कांपेन गावच्या या मूक चित्रकाराच्या, सुमारे १६०८ मधील हिवाळी दृश्यात (राइक्सम्युझियम, ॲम्स्टरडॅम) सारे गाव बर्फावर घसरत असते. डाव्या कोपऱ्यात मात्र एक जुने दार काठीवर टेकवून ठेवले आहे. खाली दाणे टिपायला पक्षी आले, की काठी ओढायची. हा सापळा थोरल्या पीटर ब्रूगेलच्या १५६५ च्या चित्रातून आलेला दिसतो.

गायीगुरांसाठी प्रसिद्ध असलेल्या पाउलुस पॉटरने तर बाजूच उलटवली. त्याचे ‘शिकाऱ्याला शिक्षा’ हे चित्र रशियातील हर्मिटेज संग्रहालयात आहे. ते निसर्गचित्र नव्हे. त्यात चौदा चौकटी आहेत. कडेच्या चौकटींत बहुतांशी शिकारीचे प्रसंग. मधल्या वरच्या चौकटीत सिंहापुढे शिकाऱ्यावर खटला चालतो. खालच्या चौकटीत जनावरे त्याला आगीवर भाजतात आणि त्याचे कुत्रे फासावर लटकवतात.