मारणं, फेकणं, रडणं : मूल काय मागतंय?

गटाच्या बैठकीत आपण बोलतो, "पोरगं रडतं, वस्तू फेकतं, मारतं, डोकंही आपटून घेतं." मग प्रत्येक खोडीला वेगळा उपाय शोधतो. अमेरिकेत मुलांचं वागणं अभ्यासणारेही आधी बहुतेक एकेक खोड सुटी घ्यायचे. या अभ्यासाला वर्तन विश्लेषण म्हणतात.

१९७५ साली टेनेसी राज्यातल्या रॉबर्ट वॉलर यांनी दोन मुलग्यांचा अभ्यास छापला. तीन वर्षं घरी आणि शाळेत नोंदी ठेवल्या होत्या. त्यात दिसलं की काही वागणी बरोबरच वाढतात, बरोबरच घटतात. भुईमूग उपटला की शेंगा घोसानं वर येतात, तसं. घरचा घोस मात्र वेगळा आणि शाळेचा वेगळा. "शाळेत गुणी, घरी हैराण करतो" हे आपण ऐकतोच की!

पण घोस बांधतं कोण? १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलं घेतली. त्यांच्या वाढीत अडचणी होत्या. मारणं, आरडाओरड, स्वतःला इजा करणं असे प्रकार चालायचे. रागावण्याआधी या दोघांनी पाहिलं, हे कधी होतं? कुणाचं काम अवघड झालं की व्हायचं, कुणाचं मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. म्हणजे दिसायला खोड्या निरनिराळ्या, पण त्यातून मूल एकच मागणं मागत होतं.

मग मुलांना ते मागणं तोंडानं मागायला शिकवलं. काम अवघड जाणाऱ्यानं म्हणायचं, "मला समजत नाही", की मदत मिळे. लक्ष हवं असणाऱ्यानं विचारायचं, "माझं काम चांगलं होतंय का?", की कौतुक मिळे. या एकेका वाक्यानं त्रास खूप कमी झाला. आम्हाला यातली पुढची गोष्ट फार मोलाची वाटते. वाक्यं मुद्दाम उलटी दिली, लक्ष हवं असणाऱ्याला मदतीचं वाक्य शिकवलं, तेव्हा त्रास कमी झाला नाही.

तिथे एका मुलामागे एक मोठं माणूस होतं. आपल्याकडे चूल, शेत आणि कडेवर धाकटं. तरी "हे कधी होतं?" एवढं तर चुलीपाशी बसूनही पाहता येतं.

बोलता न येणाऱ्या मुलांना पुढे खुणेनं किंवा चित्र दाखवून तेच मागायला शिकवू लागले.