आर्थिक विकासातील व्यक्तिप्रेरणा आणि समूहसहकार्य

आर्थिक विकासातील व्यक्तिप्रेरणा आणि समूहसहकार्य हा अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही शास्त्रांत अभ्यासला जाणारा विषय आहे. अधिक कमावण्याची, स्वतःच्या पायावर उभे राहण्याची किंवा काही साध्य करून दाखवण्याची एका माणसाची इच्छा म्हणजे व्यक्तिप्रेरणा. अनेकांनी श्रम, भांडवल आणि जोखीम एकत्र करून ठरलेल्या नियमांनी काम करणे म्हणजे समूहसहकार्य. या दोन शक्ती परस्परविरोधी आहेत की परस्परपूरक, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. मुंबई व तिच्या उपनगरांत रुजलेल्या डबेवाला व्यवस्था, लिज्जत पापड आणि अंधेरी परिसरातील लघुउद्योग या उदाहरणांमुळे या प्रश्नाचा विचार प्रत्यक्ष व्यवहाराच्या आधारे करता येतो.

वैचारिक पार्श्वभूमी

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात युरोपातील भांडवलशाहीच्या वाढीचा संबंध प्रॉटेस्टंट पंथीयांच्या कार्यनिष्ठेशी जोडला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्या समाजात संपादनाची प्रेरणा तीव्र असते, त्या समाजात उद्योजक अधिक निर्माण होतात. ही प्रेरणा प्रशिक्षणाने वाढवता येते का, हे पाहण्यासाठी त्यांनी १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील छोट्या व्यावसायिकांसाठी हैदराबादमध्ये प्रशिक्षणवर्ग घेतले. प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांनी इतरांच्या तुलनेत अधिक नवे उपक्रम हाती घेतले, असा त्यांचा निष्कर्ष होता. विकासाचा सगळा भार व्यक्तीच्या मनोवृत्तीवर टाकून भांडवल, बाजारपेठ आणि सामाजिक विषमता यांकडे दुर्लक्ष केल्याची टीका या विचारावर झाली.

समूहाच्या बाजूने मॅन्सर ओल्सन यांचा १९६५ मधील सिद्धांत महत्त्वाचा मानला जातो. सामूहिक लाभ सर्वांनाच मिळणार असेल, तर प्रत्येकाला स्वतः कष्ट न करता इतरांच्या कष्टांवर अवलंबून राहण्याचा मोह होतो. त्यामुळे मोठे समूह केवळ समान हितसंबंधांवर टिकत नाहीत, असे त्यांनी दाखवले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील ग्रंथात याची दुसरी बाजू मांडली. पाणी, कुरणे व मासेमारी यांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले की, लोक स्वतः नियम ठरवतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि चुकणाऱ्याला प्रमाणशीर दंड करतात, तेथे सहकार्य दीर्घकाळ टिकते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रातील सहकार

भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला. मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतंत्र सहकार कायदा केला, तर महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. या कारखान्याच्या रचनेत दोन्ही तत्त्वे एकत्र आली होती. मतदान करताना प्रत्येक सभासद समान होता. मात्र उसाचे पैसे त्याने घातलेल्या उसाच्या वजनावर मिळत. त्यामुळे कारखाना सर्वांचा असला, तरी आपले शेत चांगले पिकवण्याची प्रत्येकाची प्रेरणा कायम राहिली.

मुंबई व उपनगरांतील उदाहरणे

डबेवाला व्यवस्था

घरी शिजवलेले जेवण कामाच्या ठिकाणी पोचवण्याची ही व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, असे मानले जाते. डबेवाले प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ व मुळशी या तालुक्यांतून आलेले आहेत. नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्टची नोंदणी १९५६ मध्ये झाली. कोविड महासाथीपूर्वी सुमारे ५,००० डबेवाले दररोज सुमारे २ लाख डब्यांची ने-आण करत असत.

अंधेरी हे निवासी आणि व्यापारी अशा दोन्ही स्वरूपांचे उपनगर आहे. सकाळी घरोघरी सायकलवरून किंवा पायी गोळा केलेले डबे स्थानकाजवळ आणले जातात. झाकणावरील अक्षरे, अंक व रंग यांच्या खुणांनुसार त्यांची विभागणी होते आणि ते पश्चिम रेल्वेच्या लोकलमधील मालडब्यातून दक्षिण मुंबईकडे जातात. एका डब्याचा प्रवास अनेक हातांतून होत असल्याने एकाची दिरंगाई सर्वांना भोवते. म्हणून प्रत्येक गटात अडचणीच्या वेळी मदतीला धावणारी जादा माणसे ठेवलेली असतात.

डबेवाले लहान गटांत विभागलेले असून प्रत्येक गटाचा प्रमुख ‘मुकादम’ असतो. ग्राहकांकडून मिळालेल्या पैशांतून खर्च वजा करून उरलेली रक्कम गटातील भागीदारांत समान वाटली जाते. नवा माणूस काही काळ ठरावीक पगारावर काम करतो आणि नंतर पैसे भरून भागीदार होतो. गैरहजेरी, कामाच्या वेळी मद्यपान किंवा डोक्यावर टोपी नसणे यांसाठी दंड आकारला जातो. समान वाटपामुळे कामचुकारपणा वाढेल, अशी शंका सिद्धांताच्या आधारे घेता येते. प्रत्यक्षात गट लहान असल्याने, माणसे एकाच मुलखातील असल्याने आणि ग्राहक तुटला तर प्रत्येकाचा वाटा घटत असल्याने तिला फारसा वाव राहत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण तयार केले.

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड

गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. देणगी घ्यायची नाही आणि तोटा झाला तरी तो आपणच सोसायचा, असे त्यांनी आरंभीच ठरवले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती काढण्यात आली. १९६१ मध्ये मालाड या उपनगरात शाखा काढण्याचा प्रयत्न अयशस्वी ठरला. मात्र पुढे संस्था देशभर पसरली. १९६६ मध्ये तिची नोंदणी झाली. आज तिच्या सभासद भगिनींची संख्या सुमारे ४५ हजार सांगितली जाते. संस्थापकांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

संस्थेत मालक-नोकर असे नाते नाही. काम करणारी प्रत्येक भगिनी सहमालक मानली जाते. ती केंद्रातून मळलेले पीठ घरी नेते, पापड लाटून आणून देते आणि वजनानुसार वणाईची मजुरी घेते. जी अधिक लाटेल तिला मजुरी अधिक मिळते. नफ्यावर मात्र सर्वांचा हक्क असतो. रोजची मिळकत वैयक्तिक आणि मालकी सामूहिक असा हा मेळ आहे. घर सोडून नोकरीला जाणे ज्या स्त्रियांना शक्य नव्हते, त्यांच्या हाती त्यामुळे स्वतःचे उत्पन्न आले.

अंधेरीतील लघुउद्योग

अंधेरी पूर्वेला मरोळ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र आहे. त्यालाच लागून १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, स्थापन झाले. तेथे पुढे जडजवाहिरांचा निर्यात उद्योगही वाढला. येथील उद्योजक एकमेकांचे स्पर्धक असले, तरी रस्ते, पाणी आणि वीज या सुविधा एकट्याने उभारणे त्यांना परवडणारे नव्हते. औद्योगिक वसाहतींतील गाळेधारक इमारतीची देखभाल व सामाईक सोयी यांसाठी सहकारी संस्था स्थापन करतात. या ठिकाणी सहकार्य उत्पादनात नसून उत्पादनाला आवश्यक असलेल्या पायाभूत गोष्टींत आहे.

यशाच्या अटी

वरील उदाहरणांत काही समान बाबी आढळतात. काम करणारा स्वतः मालक किंवा भागीदार असतो. आपल्या कष्टाचे फळ त्याला लवकर आणि स्पष्ट दिसते. लिज्जतमध्ये ते वजनाच्या मापात, तर डबेवाल्यांत महिन्याच्या वाट्यात दिसते. नियम थोडे व सर्वांना ठाऊक असलेले असतात, आणि रोजचे काम माणसे एकमेकांना ओळखतात अशा लहान गटांत चालते. समूह मोठा झाला तरी त्याचा मूळ घटक लहान राहिला, तर व्यक्तिप्रेरणा टिकून राहते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

मर्यादा आणि टीका

एका सभासदाचे आजारपण किंवा एखादा ग्राहक गमावणे असे धक्के समूह वाटून घेऊ शकतो. सर्वांवर एकाच वेळी कोसळणारे संकट मात्र त्याला पेलत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या व कार्यालये बंद झाल्यावर डबेवाल्यांचे उत्पन्न थांबले आणि अनेकजण गावी परतले. समान वाटपाच्या नियमामुळे कोणी एकटा उपाशी राहिला नाही असे म्हणावे, तर वाटण्यासाठी काहीच उरले नव्हते. त्यानंतरही घरून काम करण्याच्या पद्धतीमुळे आणि खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या कंपन्यांच्या स्पर्धेमुळे या व्यवसायापुढे आव्हान कायम आहे. या कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना प्रत्येक फेरीमागे पैसे मिळतात; मात्र व्यवसायाच्या मालकीत किंवा नियम ठरवण्यात त्यांना वाटा नसतो. व्यक्तिप्रेरणा आहे पण समूह नाही, असे हे विरुद्ध टोकाचे उदाहरण आहे.

सहकारी साखर कारखानदारीवर राजकीय वर्चस्वाची, तसेच सामान्य सभासदाचा कारभारावरील प्रभाव कमी झाल्याची टीका होते. एकाच गावातील वा समाजातील माणसांवर आधारलेल्या समूहांत परस्परविश्वास अधिक असतो, परंतु बाहेरच्यांना प्रवेश कठीण जातो, असाही आक्षेप घेतला जातो.

हेही पहा

सहकार चळवळ
स्वयंसहायता बचत गट
मुंबईचे डबेवाले
सीप्झ
वैकुंठभाई मेहता