शंभर डॉक्टर, ऐंशी प्रिस्क्रिप्शनं

परवा शिवडीच्या टीबी हॉस्पिटलवरून जाताना घरच्या ड्रॉवरमधली अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप आठवली. पुढच्या सर्दीसाठी जपून ठेवलेली!

१९४८ च्या ब्रिटिश चाचणीतच दिसलं होतं, की नुसतं स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर टीबीचा पेशंट आधी सुधारतो. मग तगलेले जंतू वाढतात आणि औषध चालेनासं होतं. म्हणून एकदम तीन-चार औषधं, तीही महिनोन् महिने. साधा नियम. पण १९९१ साली छापलेल्या पाहणीत मुंबईच्या झोपडपट्टीतल्या १०० खाजगी डॉक्टरांनी ८० प्रकारची प्रिस्क्रिप्शनं लिहिली. २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत पुन्हा विचारलं, तर १०६ पैकी ६ बरोबर.

२०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजातून त्यांनीच कळवलं: चार पेशंट, तपासलेलं एकही औषध लागू नाही. सरकारनं 'पूर्ण प्रतिरोधी' या नावावर हरकत घेतली. पण त्यातल्या तिघांना वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांनी औषधं दिली होती. कशी? एकेक करून. म्हणजे १९४८ चाच बग, त्रेसष्ट वर्षांनी.

असो. सर्दी विषाणूंची, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. घरी आल्यावर स्ट्रिप टाकून दिली. तुमचा ड्रॉवर बघा एकदा.