लोहरथाचा जीर्णोद्धार

एखाद्या वस्तूची डागडुजी करतां करतां तिचा मूळचा अंश अगदीं थोडा उरला, तर तिला तीच जुनी वस्तु म्हणावें कीं नवी म्हणावें, हा प्रश्न आजवर तत्त्वज्ञांच्या करमणुकीचा समजला जात असे. तो आतां सरकारी नियमांत येऊन बसला आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. त्यांप्रमाणें पन्नास वर्षांहून अधिक वयाची, मूळ स्वरूपांत राखलेली, आणि सांगाडा, कवच किंवा एंजिन यांत फेरफार होईल अशी भारी दुरुस्ती न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या नंबरांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात व नोंदणी दहा वर्षें चालते. नियमाचा हेतु चांगला आहे. परंतु ज्या गाडीचें अंग गंजून चाळणीसारखें झालें आहे, तिला हातानें ठोकून घडविलेले नवे पत्रे बसविले, तर तिचें मूळ स्वरूप राखलें कीं बदललें? या प्रश्नाचें उत्तर नियमाच्या शब्दांत सांपडत नाहीं. तें वाहनें घडविण्याच्या इतिहासांत शोधावें लागतें.

आपल्या देशांत हा प्रश्न रथाच्याच निमित्तानें फार पूर्वीं विचारला गेला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु मिलिंद राजास विचारतो, कीं महाराज, आपण रथांतून आलांत. तर आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो, कीं या सर्वांच्या विशिष्ट जुळणीस रथ हें नांव आहे. नागसेनास यांतून मनुष्याविषयींचा सिद्धांत काढावयाचा होता. आम्हांस येथें रथापुरतेंच पाहावयाचें आहे.

देवणी हें आज लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १९५६ पूर्वीं हा उदगीरकडील मुलूख बीदर जिल्ह्यांत होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. देवणीचें नांव सर्वत्र झालें तें तेथील गोवंशामुळें. वानेरा, बालंक्या व शेवेरा अशा तीन रंगरूपांची ही जात ओढकामास व दुभत्यास दोहोंसहि उपयोगी पडते. जेथें बैल नांवाजलेला, तेथें गाडी आलीच. आणि बैलगाडीचें चाक म्हणजे सुतार व लोहार यांच्या भागीदारीचा उत्तम नमुना होय. तुंबा व आरे सुतारानें जुळवावे. वर चढवावयाची लोखंडी धाव लोहारानें चाकाच्या घेरापेक्षां किंचित् आंखूड करावी, लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसवावी व लगेच पाणी ओतावें. धाव थंड होतां होतां आकसते आणि सगळे सांधे एकमेकांत आवळले जातात. पुढें आरा मोडला तर आरा बदलावयाचा, धाव झिजली तर धाव, आणि वेळ आल्यास तुंबाहि नवा घालावयाचा. गाडी मात्र बापाकडून लेकाकडे तीच जावयाची. नागसेनाचें नांवहि न ऐकलेला शेतकरी त्याचा सिद्धांत असा दाराशीं उभा करून ठेवीत असे.

याच राज्याच्या राजधानींत मोटार आली, ती प्रथम ऐश्वर्याची वस्तु म्हणून. सहावे निजाम मीर महबूब अलीखान यांच्यासाठीं मागविलेली रोल्स-रॉइस त्यांच्या १९११ मधील निधनानंतर हैदराबादेस पोंचली. पिवळ्या रंगाची, वर घुमटी असलेली व मागें सिंहासनासारखें आसन असलेली ही गाडी सातव्या निजामांच्या कारकीर्दींत समारंभांपुरतीच बाहेर निघे. पुढें ती बरींच वर्षें पडून राहिली. आतां ती नीट करून चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास ठेवली आहे. तिचें कवच रोल्स-रॉइसच्या कारखान्यांत झालेलें नाहीं, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. त्या काळीं मोटारीचा कारखानदार एंजिन, सांगाडा व चाकें तेवढीं देई. वरचें अंग गाडी करणारे कारागीर चढवीत. निजामांच्या गाडीचें काम लंडनच्या बार्कर या पेढीनें केलें, आणि ही पेढी मोटारीच्या जन्मापूर्वीं दीडशेंहून अधिक वर्षें घोड्यांच्या गाड्या करीत आली होती. लांकडाचा पिंजरा उभारावा आणि त्यावर हातानें वळविलेला धातूचा पत्रा मढवावा, अशी त्या धंद्याची रीत. तेव्हां निजामांची रोल्स-रॉइस व देवणीची बैलगाडी यांच्या वैभवांत जमीनअस्मानाचें अंतर असलें, तरी त्यांची कुळी एकच. दोन्ही सुतार व लोहार यांच्या हातच्या.

सामान्य माणसाच्या गाडीचीहि कथा निराळी नाहीं. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं सत्तावीस मोटारी घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. मुंबई राज्याची एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास निघाली, तेव्हां तिचें अंगहि लांकडीच होतें व बैठकी काथ्याच्या. पुढें एस. टी. च्या दापोडी व चिकलठाणा येथील कारखान्यांत सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनीं जडविण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या चाललें. खेड्यांतील लोक जिला लाल डबा म्हणतात, ती गाडी देखील मराठी हातांनींच घडलेली आहे.

खाजगी मोटारीच्या बाबतींत मात्र मध्यंतरीं मोठी क्रांति झाली. अमेरिकेंत बड नांवाच्या कारखानदारानें लांकूड अजिबात काढून टाकून सर्व अंग पोलादी पत्र्याचें करण्याची युक्ति काढली, व १९१४ च्या सुमारास डॉज कंपनीनें तशीं अंगें त्याजकडून हजारोंनीं घेतलीं. प्रचंड दाबयंत्रांतून एका फटक्यासरशीं मडगार्ड किंवा दाराचा पत्रा बाहेर पडूं लागला. कारागिराच्या आठवड्याचें काम यंत्र क्षणांत करूं लागल्यावर हातघडणीचा धंदा मागें पडला, यांत नवल नाहीं. परंतु नवल पुढेंच आहे. हे सांचे फार खर्चाचे असल्यामुळें गाडीचा तो नमुना बंद झाला, कीं ते मोडींत निघतात. मग पन्नास वर्षांनीं त्या गाडीचा पत्रा कुजला, तर तो कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. यंत्रानें जें काम हाताकडून काढून घेतलें, तेंच अखेर हातानें यंत्राच्या वतीनें पुरें करावें लागतें!

लोखंडास गंज चढतो तो हवेंतील प्राणवायु व पाणी या दोहोंच्या संगनमतानें. खारट हवा मिळाली म्हणजे त्यास पाय फुटतात. तांब्यावरील कळंक किंवा अॅल्युमिनियमवरील पापुद्रा खालच्या धातूस चिकटून त्याचें रक्षण करतो. गंजाचें तसें नाहीं. तो मूळ लोखंडाहून कितीतरी पट जागा व्यापतो, फुगतो, सुटून पडतो आणि खालचा नवा थर पाण्यापुढें उघडा करतो. शिवाय तो चोरासारखा मागल्या दारानें येतो. मडगार्डाच्या आंतल्या घडींत बसलेला चिखल, दाराच्या तळाशीं सांचलेलें पाणी, पायाखालच्या पत्र्यावरचें ओलें जाजम, या ठिकाणीं त्याचें काम वर्षानुवर्षें चालतें. बाहेरून रंगाला एक फोड दिसतो. ती टोंचावी तर बोट आरपार जातें.

अशा गाडीचा उद्धार करणारा शहाणा कारागीर कापण्याची घाई करीत नाहीं. प्रथम तो सगळीं मापें घेतो, कागदाचे नमुने कापतो व दारांच्या चौकटींस आंतून आधार देतो. कारण कुजकें अंगहि कांहीं भार उचलीत असतें, आणि तें एकदम कापलें तर सगळी गाडी वांकते. मग शुद्ध धातु लागेपर्यंतच कुजका भाग काढावयाचा. डावें मडगार्ड गेलें असेल, तर उजव्याचा उलटा नमुना घ्यावयाचा. सुमारें एक मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा वाळूनें भरलेल्या चामडी पिशवीवर ठेवून लांकडी हातोड्यानें ठोकला, म्हणजे मध्यभाग पातळ होऊन पसरतो व पत्र्यास पोट येतें. कांठ आंत घ्यावयाचा असेल, तर त्यास चुण्या पाडून त्या एकमेकींत ठोकून जिरवाव्या लागतात. नंतर दोन चाकांच्या यंत्रांतून पत्रा पुढेंमागें फिरवून घाव निवळतात. शेवटीं आंतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलके हलके ठोकावयाचें. फार ठोकलें कीं धातु ताठरतो. मग त्यास तापवून मऊ करावें लागतें. अॅल्युमिनियम तापलें तरी लाल होत नाहीं व एकाएकीं वितळतें. म्हणून त्यावर साबण चोळून ठेवतात. साबण काळा पडला, कीं धातु मऊ झाला असें समजावें. सांधा जोडतांना ज्वाळेनें पत्रा आकसतो, तो पुनः ठोकून सैल करावयाचा. अखेरची परीक्षा डोळ्यांची नव्हे, तळहाताची. डोळ्यास न दिसणारा उंचवटा तळहातास कळतो.

हें वर्णन वाचून आमच्या वाचकांस पुण्याच्या कसब्यांतील तांबट आळी आठवली असेल. हंड्याचें पोट काढणें, तापवून मऊ करणें, मठारून धातूस कठीणपणा व तेज आणणें, हें सर्व तांबटाचेंच शास्त्र. मडगार्डाचा कांठ तारेवर गुंडाळून बळकट करण्याची युक्तिहि घरच्या बालदीच्या कांठाला असते. फरक एवढाच, कीं तांबटाच्या घावांचें कौतुक होतें, आणि मोटारीच्या पत्रेवाल्याचा एकहि घाव दिसतां कामा नये. आपली सारी विद्या लपविण्यांतच ज्याची परीक्षा, त्याचें नांव इतिहासांत राहणें कठीण!

आणि खरा धोका येथेंच आहे. अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनीं आपल्या देशांत पत्रेवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या शिकविल्या. पत्रा जाड, दुरुस्ती सोपी आणि सुटे भाग महाग वाटणारे गिऱ्हाईक. कुर्ल्याची पद्मिनी या शतकाच्या आरंभीं बंद झाली, अँबॅसडर २०१४ सालीं; मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. नव्या गाडीचें दार चेपलें तर बरेच वेळां सबंध दारच बदलतात. हातोड्याची गरज सरली, कीं हाताची संवय सरते. आणि एका पिढींत तुटलेली ही परंपरा पुस्तकांतून पुनः उभी करतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अग्निपुराणांत जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विचार आहे. जीर्ण मूर्तीच्या जागीं नवी बसवावयाची, तर ती त्याच द्रव्याची व त्याच प्रमाणाची असावी, असा त्याचा दंडक. वेरूळचें घृष्णेश्वराचें देऊळ मालोजीराजे भोसले यांनीं पुनः उभारविलें व पुढें होळकर घराण्यानें पुनः बांधविलें. तरी त्यास नवें देऊळ कोणी म्हणत नाहीं. आमच्या मतें हाच दंडक लोहरथासहि लावावा. त्याच धातूचा, त्याच मापाचा व त्याच रीतीनें घडविलेला पत्रा ही दुरुस्ती. आकार, धातु किंवा रचना बदलली तर तो फेरफार. यास आणखी दोन अटी जोडाव्या. जो जुना अंश वांचण्यासारखा आहे तो केवळ चकचकीतपणासाठीं कापूं नये. आणि जें नवें घातलें त्याची लेखी नोंद गाडीबरोबर राहावी, म्हणजे पुढच्या पिढीची फसवणूक होणार नाहीं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघानें २०१२ सालीं टुरिन येथील सनदेंत सांगितलेलीं तत्त्वें याच दिशेचीं आहेत.

नियमाचा अर्थ अशा रीतीनें लावला, तर तो गाड्यांबरोबर कारागिरांचेंहि रक्षण करील. उलट नवा पत्रा दिसला कीं गाडी बाद, असा त्याचा अर्थ झाला, तर प्रामाणिक मालक खरें सांगण्यास भिईल, आणि कारागिराचें काम लपविण्याची वस्तु होऊन बसेल. मूळ पत्रा आज ना उद्यां गंजणारच; लोखंडाचा तो धर्मच आहे. गंजत नाहीं ती तो पुनः घडविण्याची विद्या, पण तिलाहि रोज हातोडा लागतो. औद्योगिक शाळांतून पत्रेकामाच्या मुलांस एक तरी कुजकें मडगार्ड हातानें घडवावयास लावावें आणि वाळूच्या पिशवीशेजारीं एखादा वृद्ध तांबट बसवावा. मोटारी जतन करण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांस तरी दिसत नाहीं.