प्लिनीची दोन पत्रे आणि संगणकीय खेळ

आपत्तीतून वाचलेल्यांच्या पत्रांवरून शैक्षणिक खेळ रचायचा म्हटले की पहिली आठवण धाकट्या प्लिनीची व्हावी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि आखाताच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनम येथे, आई व मामासह राहत होता. पुढे सुमारे २५ वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला त्याने यासंबंधी दोन पत्रे लिहिली.

पहिले पत्र मामाचे, म्हणजे थोरल्या प्लिनीचे. तो मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख. निघाला कुतूहलापोटी, पण रेक्टिना नावाच्या स्त्रीचा मदतीसाठी निरोप आला आणि अभ्यासाची स्वारी बचावाची मोहीम झाली. शेवट स्टाबियाच्या किनाऱ्यावर, मृत्यूने. जहाजे, नकाशा, अडथळे, डोक्याला उश्या बांधून पळणारी माणसे: खेळाला लागणारे सारे येथे आयतेच आहे. एवढेच की खेळकर्त्यांना हवे असलेले पाँपेई मात्र या पत्रांत कोठेच येत नाही!

खरी अडचण दुसऱ्या पत्राची. मामाने बरोबर येण्याविषयी विचारले असता या मुलाने अभ्यासाचे कारण सांगितले. पुढे धरणी हादरत असतानाही तो लिव्हीचा ग्रंथ वाचत बसला. हे धैर्य म्हणावे की अजाणपणा, हे त्यालाही पुढे ठरवता आले नाही. मग पलायन. आई म्हणते, मला सोड, तू तरुण आहेस. तो तिचा हात धरून तिला चालायला लावतो. बंद खोलीतला दिवा मालवावा तसा अंधार. राखेखाली गाडले जाऊ नये म्हणून वारंवार उठून ती झटकणे.

येथे पडद्यावर दोन पर्याय झळकले, ‘आईला सोडा’ आणि ‘आईला न्या’, तर पत्राचा प्राणच जाईल, असे आम्हांस वाटते. त्या मुलापुढे असा हिशेब नव्हताच. खेळाडूला तेथे निवड देऊ नये. राख झटकण्याचे काम मात्र द्यावे, कंटाळा येईपर्यंत.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. खेळाचा काळ वर्तमान. पत्राचा मात्र चाळिशी ओलांडलेल्या, मामाची कीर्ती राखू पाहणाऱ्या लेखकाचा. ‘व्हॅलिअंट हार्ट्स’ (२०१४) या पहिल्या महायुद्धातील पत्रांवरून सुचलेल्या खेळात पत्रे युद्ध चालू असतानाची होती. येथे तसे नाही. म्हणून आम्ही खेळाडूला प्लिनी न करता टॅसिटस करू. समोर दोन पत्रे. काय इतिहासात घ्यायचे, काय गाळायचे? पहिल्याच पानावर तारखेचा पेच: प्रचलित हस्तलिखित पाठ २४ ऑगस्ट सांगतो, तर पाँपेईत २०१८ साली उजेडात आलेला कोळशाचा लेख ऑक्टोबरकडे बोट दाखवतो. टॅसिटसने स्वतः काय निवडले असते, हे पडताळण्याची सोय नाही; त्याच्या ग्रंथाचा तो भाग काळाच्या ओघात नष्ट झाला आहे.