संगणक बदलला, चित्रीकरण हरवले?

लातूरला लग्न लागावे, चित्रीकरण तेथील छायाचित्रकाराने करावे आणि संकलन मात्र नांदेडच्या संकलकाकडे सोपवावे, यात आता नवल उरलेले नाही. लग्नसराईत कामाचा रेटा वाढला की हार्ड डिस्क पिशवीत घालून चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने माणसे ये-जा करतात. मुक्कामी पोहोचल्यावर डिस्क जोडावी, प्रोजेक्ट उघडावे आणि पडद्यावर वधूवरांऐवजी लाल रंग व ‘मीडिया ऑफलाइन’ हे शब्द दिसावेत, हा अनुभव या व्यवसायातील बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. चित्रीकरण नष्ट झाले, अशीच पहिली समजूत होते. वस्तुतः बहुतेक वेळा ते सुरक्षित असते. हरवलेला असतो तो केवळ त्याचा पत्ता. मात्र निघण्यापूर्वी काही फाईली मागेच राहिल्या असतील आणि मूळ डिस्क दरम्यान पुसली गेली असेल, तर नुकसान खरे ठरते. सप्तपदी पुन्हा चित्रित करता येत नाही.

प्रोजेक्ट फाईल म्हणजे काय?

संकलनाच्या आज्ञावलीत आपण जी प्रोजेक्ट फाईल जतन करतो, तिच्यात चित्रीकरण नसतेच. कोणते दृश्य कोठून कोठपर्यंत घ्यायचे, त्यावर कोणते संगीत ठेवायचे, कोणती शीर्षके द्यायची याची ती टिपणवही असते. लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता असतो, मांडव नसतो, तसाच हा प्रकार होय. आकारावरूनही हे ध्यानात येते. मिनी डीव्ही टेपच्या काळात एका तासाच्या चित्रीकरणाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे. आज सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला सुमारे ४५ गिगाबाइट व्यापते. प्रोजेक्ट फाईल मात्र बहुधा काही मेगाबाइटचीच असते. ती पेनड्राइव्हवर घेऊन निघालेला माणूस केवळ पत्रिका घेऊन निघालेला असतो.

दुवा का तुटतो?

विंडोज प्रणालीत प्रत्येक डिस्कला एक अक्षर मिळते. लातूरच्या संगणकावर ‘ई’ असलेली डिस्क नांदेडच्या संगणकावर ‘जी’ होऊ शकते. प्रोजेक्टमधील पत्ता ‘ई’पासून सुरू होत असल्याने आज्ञावलीला त्या जागी काहीच सापडत नाही. दुसरे कारण म्हणजे संकलन सुरू झाल्यानंतर फोल्डरचे वा फाईलचे नाव बदलणे. तिसरे कारण सर्वांत घातक आहे. चित्रीकरण एका डिस्कवर, सनईचे संगीत ‘डाउनलोड्स’मध्ये, वधूवरांची छायाचित्रे डेस्कटॉपवर आणि स्टुडिओचे बोधचिन्ह भलत्याच पेनड्राइव्हवर, अशी विखुरलेली मांडणी असते. पहिल्या दोन प्रकारांत फाईली हाताशी असतात व दुवा पुन्हा जोडता येतो. तिसऱ्या प्रकारात त्या प्रवासाला निघालेल्याच नसतात.

काम सुरू करतानाची शिस्त

म्हणून हलवाहलवीची तयारी संकलनाच्या पहिल्या दिवशीच करावी. प्रत्येक कार्यासाठी एकच मुख्य फोल्डर असावे व त्यात प्रोजेक्ट, चित्रीकरण, ध्वनी, छायाचित्रे, शीर्षके आणि फॉन्ट असे उपफोल्डर करावेत. बाहेरून आलेली प्रत्येक फाईल आधी या घरात आणावी, मगच टाइमलाइनवर घ्यावी. फोल्डरांची नावे छोटी, रोमन अक्षरांत व अंकांत ठेवलेली बरी. देवनागरी नावे आजच्या प्रणालींना चालतात, परंतु जुन्या आज्ञावल्या त्यांच्यापाशी अडखळू शकतात.

कॅमेऱ्याचे कार्ड उतरवून घेताना त्यातील केवळ चित्रफिती वेचून घेऊ नयेत, कार्डाची संपूर्ण रचना जशीच्या तशी उतरवावी. एव्हीसीएचडी पद्धतीचे कॅमेरे दीर्घ चित्रीकरणाचे अनेक तुकडे पाडतात आणि ते तुकडे सांधण्याची माहिती कार्डावरील इतर फाईलींत असते. शिवाय अशा कॅमेऱ्यांत फाईलींची नावे शून्य-शून्यने सुरू होणाऱ्या क्रमांकांची असतात. दोन कॅमेऱ्यांच्या कार्डांवर त्याच क्रमांकाच्या फाईली सापडणे नेहमीचे आहे. दुवा जोडताना चुकून दुसऱ्या कॅमेऱ्याची फाईल जोडली गेली, तर हळदीच्या जागी वरात दिसते आणि आज्ञावली मात्र कोणतीही तक्रार करीत नाही. यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचे व प्रत्येक कार्डाचे फोल्डर वेगळे ठेवावे. नावे बदलायचीच असतील, तर ती संकलनापूर्वी बदलावीत.

आज्ञावलीतील सोयी

विखुरलेल्या फाईली गोळा करण्याची सोय बहुतेक आज्ञावल्यांत असते, पण ती वापरणारे थोडे. अ‍ॅडोबी प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ आहे. त्यात ‘फाईली गोळा करून नव्या जागी नक्कल करा’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा. आफ्टर इफेक्ट्सशी थेट जोडलेली कामे त्यातून गोळा होत नाहीत, ती निराळी न्यावी लागतात. लग्नाच्या चित्रफितींसाठी आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या एडियसमध्ये ‘कन्सॉलिडेट प्रोजेक्ट’ हा पर्याय आहे. फायनल कट प्रोमध्ये लायब्ररीच्या माहितीपटलात ‘कन्सॉलिडेट’ मिळतो. दाविंची रिझॉल्व्हची रीत जरा वेगळी आहे. तेथे प्रोजेक्ट चित्रीकरणाशेजारी फाईल म्हणून न राहता आज्ञावलीच्या माहितीसाठ्यात असते. त्यामुळे फोल्डर उचलून नेला तरी प्रोजेक्ट मागेच राहते. त्यासाठी ‘प्रोजेक्ट अर्काइव्ह’ करावे, म्हणजे प्रोजेक्ट व चित्रीकरण एकत्र मिळते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. काही पर्याय टाइमलाइनवर न वापरलेला भाग कापून टाकतात. जागा वाचते हे खरे, परंतु काकांच्या भाषणाचा उरलेला भाग सहा महिन्यांनी कोणी मागितला, तर तो त्या प्रतीत नसतो. अशी कापलेली प्रत ही एकमेव प्रत कधीही असू नये.

मराठी अक्षरांचा प्रश्न

चित्रीकरण सुखरूप पोहोचले तरी शीर्षकांत ‘चि. सौ. कां.’च्या जागी अगम्य चिन्हे दिसू शकतात. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या प्रणालींचे जुने फॉन्ट युनिकोडवर आधारित नव्हते. त्यांत मराठी दिसणारा मजकूर आतून इंग्रजी चिन्हांच्या रूपाने साठवलेला असतो. दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल, तर मूळ चिन्हे उघडी पडतात. शक्य तेथे युनिकोड फॉन्ट वापरावा आणि त्याची फाईल परवान्याच्या अटींनुसार सोबत न्यावी. ते शक्य नसल्यास तयार शीर्षके पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रांच्या रूपात काढून घ्यावीत. प्रभावांसाठी वापरलेले प्लग-इन व रंगसंगतीच्या फाईलीही पलीकडे असाव्या लागतात. आज्ञावलीची आवृत्ती तर आधीच विचारून घ्यावी. नव्या आवृत्तीत जतन केलेले प्रोजेक्ट सामान्यतः जुनीत उघडत नाही.

डिस्क आणि वेळ

फॅट-३२ पद्धतीने सिद्ध केलेल्या डिस्कवर ४ गिगाबाइटची वा त्याहून मोठी फाईल मावत नाही. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरील मजकूर मॅक संगणक वाचू शकतो, पण वेगळ्या साहाय्याविना तिच्यावर लिहू शकत नाही. दोन्हीकडे जाणाऱ्या डिस्कसाठी एक्सफॅट सोयीची, मात्र ती संगणकाला रीतसर सांगूनच काढावी.

वेळेचा हिशेबही करावा. ३०० गिगाबाइटचे चित्रीकरण सेकंदाला ३० मेगाबाइट या यूएसबी २.०च्या व्यवहारातील वेगाने उतरवण्यास पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. यूएसबी ३.०वर साध्या हार्ड डिस्कने सेकंदाला १०० मेगाबाइट वेग दिला, तर ५० मिनिटांत काम होते. गाडीची वेळ झाली म्हणून अर्ध्यावर डिस्क काढणे हे फाईली बिघडण्याचे नेहमीचे कारण होय. फाईली ‘कट’ करून हलवू नयेत, नेहमी नक्कल करावी. नंतर दोन्ही फोल्डरांतील फाईलींची संख्या व एकूण बाइट जुळतात का ते पाहावे. अधिक खात्री हवी असल्यास चेकसम काढणाऱ्या आज्ञावलीने दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात.

मुक्कामी पोहोचल्यावर

नव्या संगणकावर डिस्कला पूर्वीचेच अक्षर द्यावे. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ते बदलता येते आणि अनेकदा एवढ्यानेच सर्व दुवे जुळतात. तरीही विचारणा झाली, तर ‘सर्व ऑफलाइन करा’ असे घाईने सांगू नये. एका फाईलची नवी जागा दाखवावी. मांडणी तशीच असेल, तर प्रीमियरसारखी आज्ञावली उरलेल्या फाईली स्वतः शोधते. नंतर सुरुवात, मध्य व शेवट पाहून योग्य दृश्येच जोडली गेली आहेत याची खातरजमा करावी.

खरी कसोटी मात्र निघण्यापूर्वीची आहे. नक्कल केलेले प्रोजेक्ट उघडण्याआधी मूळ डिस्क काढून ठेवावी. मूळ डिस्क जोडलेली असताना सर्व काही व्यवस्थित दिसते, कारण आज्ञावली गुपचूप जुन्याच फाईली वाचत असते. मूळ डिस्क नसतानाही टाइमलाइन अखंड चालली, तरच सामान पूर्ण बांधले गेले असे समजावे.

दोन्ही गावी सातत्याने काम चालत असेल, तर याहून सोपी वाट आहे. चित्रीकरणाची एकसारखी मांडणी असलेली, एकाच अक्षराची डिस्क नांदेडला व लातूरला ठेवावी. मग दरवेळी शेकडो गिगाबाइट हलवण्याची गरज उरत नाही. चिमुकली प्रोजेक्ट फाईल ई-मेलने गेली तरी पलीकडचे काम सुरू होते. मात्र एका वेळी एकानेच बदल करावेत आणि प्रत्येक फाईलच्या नावात तारीख घालावी.

केवळ लग्नापुरते नव्हे

हा प्रश्न लग्नाच्या चित्रफितींपुरता मर्यादित नाही. नांदेडला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाच्या आठवणी सांगणारी पिढी आता वृद्ध होत आहे. तिचे बोल टिपून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या डिस्कवर जे असेल, ते कदाचित अन्यत्र कोठेही नसेल. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. एक प्रत लातूरला व एक नांदेडला राहिली, तर ही शेवटची अट आपोआप पूर्ण होते. पलीकडून ‘प्रोजेक्ट उघडले, सर्व काही दिसते’ असा निरोप येईपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.